गोलाईजवळचं पाटी नसलेलं मशीन दुरुस्तीचं दुकान : चार स्टार

या दुकानाला पाटी नाही. नकाशावर कुणीतरी 'शिलाई मशीन दुरुस्ती' एवढंच टाकून ठेवलंय आणि त्याखाली माझ्याआधी एकाच भावानं लिहिलंय. एक स्टार आणि पाच शब्द : 'मालक घुमा आहे. वेळ वाया.' सोबत मशीनचा फोटो.

मी सात वर्षं या दुकानात जाते. तो एक शब्द वाचून मला असा राग आला की आयुष्यात पहिल्यांदा असलं काही लिहायला बसलेय. मुलीनं फोनवर मराठी टायपिंग लावून दिलंय. लांबण लागली तर माफ करा. दिवसभर बायकांशी बोलत ब्लाउज शिवते, दोन ओळींत आटपणं माझ्या जिवावर येतं.

आधी पत्ता. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात हे लातूरकराला सांगायला नको. मधे जगदंबेचं मंदिर, भोवती गोल इमारत, आणि एकेका रस्त्याला एकेक धंदा. बाहेरचा माणूस इथं हमखास चुकतो, कारण एक चक्कर मारली की सगळेच रस्ते सारखे दिसायला लागतात. तुम्ही नाकाच्या भरवशावर चाला. मिरचीचा ठसका लागला की त्याच बाजूला आत वळायचं. दुसऱ्या बोळात लोखंडी जिना आहे, त्या जिन्याखाली दुकान. आत एक माणूस, एक स्टूल आणि भिंतीला लागून मशीनची मुंडकी. पाय पसरायला जागा नाही. समोरच्या टपरीवर 'मशीनवाले मामा कुठं बसतात' असं विचारलं तर चहावाला म्हणतो, "घुम्याकडं जायचंय व्हय?" म्हणजे तो शब्द एक स्टारवाल्या भावाचा एकट्याचा नाही, गल्लीचाच आहे.

पहिल्यांदा गेले ते ऐन लग्नसराईत. माझं मशीन काळं, सासूबाईंच्या वेळचं, नंतर मी त्याला मोटार बसवून घेतली. ते टाके सोडायला लागलं होतं. सुती कापडावर ठीक चालायचं, पण सरकणारं सिल्क आणि त्याला अस्तर असं आलं की चार टाके पडायचे आणि पाचवा गायब. आधी एका दुसऱ्या कारागिराला घरी बोलावलं. गोड माणूस. तासभर बोलला, चहा प्यायला, माझ्या शिवणाचं कौतुक केलं, शटल गेलंय म्हणाला, नवं बसवलं आणि साडेसातशे घेतले. दुसऱ्या दिवशी परत पाचवा टाका गायब.

मग कुणीतरी मामांचं नाव सांगितलं. मुंडकं काढलं, पोत्यात गुंडाळलं, ऑटोत मांडीवर घेऊन गेले. एप्रिलमधलं ऊन, साडीला तेलाचे डाग. मामांनी वर बघितलं, मग स्टुलाकडं बघितलं. बसा, असा त्याचा अर्थ, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी उभीच राहिले आणि सुरू झाले. मशीन किती जुनं, सासूबाईंनी कसं जपलं, लग्नसराईत गिऱ्हाईक कसं डोक्यावर बसतं, वीज कधी जाते, आधीच्या कारागिरानं काय काय केलं. दहा मिनिटं तरी झाली असतील. मामा एका हातानं चाक फिरवत होते. मान तिरकी, कान मशीनच्या अंगाशी. दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा इतकं हळू की मला वाटलं, माणसाला झोप लागली.

मग सुई काढून काचेवर ठेवली आणि बोटानं लोळवली. वाकडी सुई लोळताना टोक नाचवते. माझी सरळ होती. बॉबिन केस काढली, दोऱ्याला धरून अधांतरी सोडली, एक हिसका दिला. केस बोटभर खाली आली आणि थांबली. मामांनी मान हलवली, म्हणजे खालचा दोरा बरोबर आहे. मग तोंडावरची पत्र्याची झाकणी उघडली, सुईची दांडी बघितली, आणि वर न बघताच विचारलं, "टाचणीवर गेली होती?"

मी गप्प.

गेली होती. भाचीच्या साखरपुड्याचा ब्लाउज, रात्रीचे साडेअकरा, बाहीतली एक टाचणी काढायची राहिली. खट्‍ झालं, सुई तुटून कुठंतरी उडाली. मी नवी सुई लावली आणि कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, त्या गोड कारागिराला नाही. मामांपुढं दहा मिनिटं तोंड चालवलं, त्यात सासूबाई आल्या, वीज आली, टाचणी तेवढी आली नाही.

झालं असं होतं. त्या दणक्यानं दांडी आपल्या जागेवरून जराशी वर सरकली होती. सुई तळाला जाऊन परत उठायला लागते तेव्हा तिच्या अंगाशी दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. नेमकी तीच वेळ साधून शटलचं टोक त्या फासात शिरलं पाहिजे, तरच टाका पडतो. दांडी वर सरकली की टोक येतं आणि फास हवा तिथं नसतो. सुती कापडावर कसंबसं निभतं, सरकत्या कापडावर चुकतं. शटल दहा वेळा बदला, काही उपयोग नाही. मामांनी स्क्रू ढिला केला, दांडी मोहरीएवढी खाली घेतली, परत आवळला. स्वतःजवळची सिल्कची चिंधी लावून एक लांब शिवण मारली आणि चिंधी उलटी करून माझ्या हातात दिली. सरळ बाजू कुणीही दाखवतो. उलटी बाजू आपणहून दाखवणारा कारागीर मी तोपर्यंत बघितला नव्हता. दोन्हीकडून टाके ज्वारीच्या पेरणीसारखे एका ओळीत.

पैसे किती, तर आठ बोटं वर. ऐंशी रुपये.

आता मला सांगा, त्या दिवशी त्या दुकानात घुमं कोण होतं?

घुमा म्हणजे नुसता कमी बोलणारा असं समजून लोक तो शब्द वापरतात, आणि माझा राग तिथंच आहे. आमच्याकडं आई लेकराला म्हणते, "काय घुम्यागत बसलास, बोल की!" तेव्हा तिला कळलेलं असतं की याच्या पोटात काहीतरी आहे आणि हा ते दाबून बसलाय. घुमा माणूस, घुमी बाई, घुमं पोरगं. त्यात संशय आहे. सांगायचं आहे, सांगायला पाहिजे, तरी सांगत नाही, तो घुमा. पारवा घुमतो, देवळाचा घुमट घुमतो, अंगात आलेली बाई घुमते. आवाज आतल्या आत फिरत राहतो, शब्द होऊन बाहेर पडत नाही. माझ्या कानाला घुमा असाच ऐकू येतो. टाचणी पोटात ठेवून दहा मिनिटं बोलणारी मी तशी होते. मामांच्या पोटात काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी तीन शब्दांत विचारून टाकलं.

मी हा एक स्टार मोठ्यानं वाचला तेव्हा माझ्याकडं चौघी बसल्या होत्या, कुणाचं माप चाललेलं, कुणाचं फॉल-पिकोचं काम. शब्द काढायला आमच्या बायका कुणाला ऐकत नाहीत.

एक म्हणाली, "माणूसघाणा असंल." मी म्हटलं, अगं, ज्याला माणसाची घाण वाटते तो गोलाईजवळ दुकान थाटून कशाला बसेल? माणूसघाणा आमच्या जुन्या वाड्यातला घरमालक होता. कडी वाजली की दिवा घालवायचा.

दुसरी म्हणाली तुसडा. तेही नाही. तुसडा बोलतो, आणि बोलतो ते चावून. 'दिसत नाही का, काम चालूय' हे वाक्य तुसड्याचं. मामांनी सात वर्षांत मला असलं काही ऐकवलेलं नाही. माझ्यापुढं एका बाईनं शंभरदा तोच प्रश्न विचारला, मामांनी शंभरदा तेच बोट दाखवलं.

तिसरी शिष्ट म्हणाली. यावर माझी मुलगी आतून ओरडली. ती बी. ए.ला आहे, संस्कृत घेतलंय, तेव्हापासून आमच्या घरात कुठला शब्द सुखानं वापरता येत नाही. म्हणे शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण लागलेला. शिष्टाचार, शिष्टमंडळ, सगळं त्यातलंच. मग हा चांगला शब्द घमेंडखोर माणसाच्या कपाळी कधी लागला? तिचंही खरं आहे. पण आमच्या गल्लीत 'फार शिष्ट आहे हो ती' म्हटलं की कुणी शिष्टमंडळ डोळ्यांपुढं आणत नाही. नाक वर करून चालणारी बाई डोळ्यांपुढं येते.

चौथीनं आवाज बारीक केला आणि म्हणाली, "आतल्या गाठीचा असतो बघा असला माणूस." याच्यावर मी हातातली कात्री खाली ठेवली. आतल्या गाठीचा म्हणजे मनातलं मनात ठेवून डाव खेळणारा, हे मलाही माहीत आहे. पण चांगलं शिवण म्हणजे तरी दुसरं काय? गाठ आतूनच मारायची असते. बाहेरून दिसणारी गाठ शिकाऊ पोरीची. ही म्हण करणाऱ्यानं सुईदोरा हातात धरला नव्हता, एवढं मी पैजेवर सांगते.

मुखदुर्बळ हा शब्द माझ्या नवऱ्यानं काढला. तो दारातच उभा होता. मुखदुर्बळ म्हणजे तोंडाचा दुबळा, हक्काचं मागायची वेळ आली की ज्याची जीभ टाळ्याला चिकटते. माझे मोठे दीर तसे आहेत. बँकेत त्यांच्या पुढं चार जण घुसतात आणि हे बाजूला सरकून त्यांना वाट देतात. तसंच भिडस्त. भिडस्ताला नाही म्हणता येत नाही, म्हणून लोक त्याला कापून खातात. मामा यातले कुणीच नाहीत, आणि ते मी दुकानात जायच्या आधीच बघितलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो २०१६ चा एप्रिल. आमच्या गल्लीत टँकर आला की काय गोंधळ व्हायचा ते ज्यांनी घागरी धरल्या त्यांना विचारा. सगळे ओरडत असायचे, मी तर पुढारीच. त्यात एक माणूस मुकाट उभा असायचा. लोक त्याची घागर पायानं मागं सरकवायचे. तो उचलायचा आणि होती तिथं आणून ठेवायचा. परत सरकवली, परत आणून ठेवली. तिसऱ्यांदा सरकवणाऱ्यालाच लाज वाटली. दोन वर्षांनी दुकानात गेले तेव्हा घरी येऊन उमगलं, अरे, हा तर घागरवाला.

मितभाषी मात्र कुणी म्हणालं नाही. म्हणणारही नाही. मितभाषी हा शब्द मी दोनच ठिकाणी बघितलाय, लग्नाच्या बायोडाटात आणि वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत. मुलगा निर्व्यसनी, मितभाषी. किंवा साहेब अत्यंत मितभाषी होते. मुलीला विचारलं तर म्हणाली, मित म्हणजे मापलेलं. म्हणजे टेप लावून बोलणारा! शिवणाऱ्या बाईच्या नवऱ्याला असा शब्द लागू पडायला हवा होता, असो. पण गंमत बघा. मोठे डॉक्टर तपासताना एक शब्द बोलत नाहीत, चिठ्ठी लिहून पुढच्याला बोलावतात, तर बाहेर येऊन आपण म्हणतो, फार मितभाषी आहेत, हात मात्र देवाचा. जिन्याखाली बसलेला माणूस तेवढंच बोलतो, तेवढंच बरोबर निदान करतो, तर तो घुमा. खुर्चीला पाठ असली की शब्द संस्कृत होतो.

बाईमाणसाचंही तसंच आहे, उलट जास्तच. माझी थोरली बहीण लहानपणापासून कमी बोलणारी. माहेरी तिला सगळे अबोल म्हणायचे, आणि म्हणताना आवाज मऊ व्हायचा. बघायला आलेले लोकही म्हणाले, मुलगी अबोल आहे, सोज्वळ आहे. पसंत पडली त्याच गुणावर. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तर तिच्या सासरच्या आत्याबाई माझ्या आईला सांगतात, "तुमची लेक लई घुमी हाय हो, पोटातलं ओठावर येऊ देत न्हाई." बहीण तीच. उंबरा बदलला, शब्द बदलला. एकदा रागावून तिनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं, तो अबोला. तो स्वभाव नव्हता, रुसवा होता. पण तेव्हापासून अबोल आणि अबोला यातला फरक त्या घरात कुणी पाळला नाही. ती गप्प असली की रागावलेलीच धरतात. पंचवीस वर्षं झाली. माझी बहीण रागावलेली नाहीये, ती भाजी निवडतेय.

असो, दुकानावर येते. नाहीतर चार स्टार कशाचे आणि एक का कापला ते राहूनच जाईल.

एक कापला तो गेल्या वर्षीच्या दिवाळीसाठी. मोटार जळाल्याचा वास आला, दुकानात नेऊन दिली. मामांनी चिठ्ठी लावली. मी सोमवारी गेले, मान हलवली, नाही. गुरुवारी गेले, नाही. शनिवारी गिऱ्हाईक दारात बसवून गेले, तरी नाही. तेव्हा मी दुकानाच्या दारात असा आवाज लावला की चहावाला कप धुवायचं थांबला. मग मामा म्हणाले, "ब्रश आले न्हाईत." मोटारीच्या आतले कोळशाचे ब्रश, बोटाच्या पेराएवढी वस्तू. माल हैदराबादेहून यायचा होता आणि आला नव्हता. हे पहिल्या सोमवारी सांगितलं असतं तर मी शेजारणीचं मशीन मागून आणलं असतं. दोन गिऱ्हाइकांचं कापड परत करावं लागलं, त्यातली एक आजतागायत आली नाही. सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही. त्या आठवड्यापुरतं मामांना घुमा म्हणा, मी आडवी येणार नाही. मिठाची गुळणी धरणं म्हणतात ते हेच. तोंड उघडण्याची गरज असताना गालात पाणी धरून बसणं. त्यांनी माफी मागितली नाही. "बुधवारी," एवढं म्हणाले. बुधवारी मोटार तयार होती, पैसे नेहमीचेच, एक रुपया कमी घेतला नाही.

माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बोलणाऱ्याचे हुलगेबी खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. मामांचे गहू पडून नाहीत, दुकानात कायम आठ-दहा मुंडकी असतात. पण चार गोड शब्द बोलले असते तर पाटी लागली असती, पोरगं कामाला ठेवलं असतं, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, वाटू दे.

दुपारी डबा घेऊन मामी येतात. त्या माझ्यासारख्याच आहेत, म्हणून आमची गट्टी. गल्लीत एक गोष्ट पसरलेली आहे की मामा किल्लारीकडचे, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर पडलं, माणसं गेली, तेव्हापासून ते असे झाले. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत सगळं होत्याचं नव्हतं झालं. आमच्या भागात प्रत्येकाकडं त्या पहाटेची एक गोष्ट आहे, तेव्हा मीही हे खरंच धरून चालले होते. सांगतानाही ती गोष्ट बरी वाटते, ऐकणारा हळहळतो. एकदा धीर करून मामींना विचारलं. त्या डब्याचं झाकण काढता काढता हसल्या.

"घर पडलं ते खरं हाय. पर हे आधीपास्नंच असे. भूकंपाच्या आठ वर्षं आधी लगीन झालं माजं. बघायला आले तवा बी काय बोलले न्हाईत. मला तर वाटलं मुकेच हायेत, आन् आमच्या भाऊंनी लपवलंय."

"मग काय केलंत?"

"काय करणार? चहा दिला. कप तपासून बघितला, कान तुटला होता कपाचा. म्हणले, 'हात कापंल तुमचा.' तवा कळलं बोलतेत म्हणून."

मामा मागं बसून भाकरी कुस्करत होते. ऐकून न ऐकल्यासारखं. मी विचारलं, "घरी तरी बोलतात का? जेवण कसं झालं ते?" मामी म्हणाल्या, "ताट दावतेत."

जेवण झाल्यावर मामांनी खरंच ताट जरा तिरकं करून मामींच्या बाजूला धरलं. लख्ख होतं. शेंगाच्या चटणीचा कणसुद्धा नाही.

कामाबद्दल सांगायचं तर काळी साधी मशीन, पायाची, हाताची, मोटार लावलेली, यात या माणसाला तोड नाही. पिकोचं मशीनही उत्तम लावून देतात. नवी संगणकावर चालणारी भरतकामाची मशीन नेऊ नका. ती समोर आली की मामा हात जोडतात, आणि ते जोडतात म्हणजे संपलं, घासाघीस करून उपयोग नाही. मी याला गुण मानते. येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा कारागीर निम्मे पैसे वाचवतो. नुसतं साफसफाई-तेलपाणी असेल तर अडीचशे घेतात, मुंडकं पूर्ण उघडून, दात्यांत अडकलेली कापडाची पूड ब्रशनं काढून. मागच्या वेळी माझ्या मशीनमधून निघालेली पूड कागदाच्या पुडीत बांधून दिली. तेव्हापासून मी दर शनिवारी झाडते.

फोन करू नका. उचलतात, पण पलीकडून काहीच ऐकू येत नाही म्हणून आपणच हॅलो हॅलो करून ठेवतो. जाऊन बसायचं. सकाळी दहा ते बारा बरं, मिरचीवाल्यांच्या गाड्या लागायच्या आधी. मशीनला काय झालं ते स्वतः खरं सांगा, टाचणी असेल तर टाचणी, तेवढंच काम लवकर होतं. ज्या कापडावर बिघडतं त्याची चिंधी आणि तोच दोरा सोबत न्या, नाहीतर ते त्यांच्या चिंधीवर बघतात आणि घरी येऊन आपल्या कापडावर परत तोच घोळ. माल यायचा आहे का, हे मात्र तुम्हीच विचारा. विचारलं तर सांगतात. मी दिवाळीनंतर शिकले.

पैसे फोनवरून देता येतात. या दुकानात सगळ्यात जास्त बोलतं ते पैसे आल्याचं सांगणारं डबडं. मामांनी त्याचा आवाज इतका कमी करून ठेवलाय की पैसे कुणी किती दिले ते त्या डबड्याच्या पोटातच राहतं. घुमं म्हणायचं तर त्याला म्हणा.

आणि येळवसच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, दिवशी जाऊ नका. त्या दिवशी मामाच काय, लातुरात चहासुद्धा मिळायची मारामार. सगळं गाव शेतात, कडब्याच्या खोपीपुढं भज्जी-आंबीलीवर. मागच्या येळवसला बाहेरगावची एक बाई कुलपाला 'घुम्या' म्हणून शिव्या देत उभी होती असं चहावाल्यानं सांगितलं. तो तरी तिथं कसा होता कोण जाणे.

शेवटी त्या एक स्टारवाल्या भावाला एक निरोप. तुमच्या फोटोतलं मशीन मी ओळखलं. निळं आहे, उजव्या अंगाला मोराचं स्टिकर, मोराची मान सोलपटलेली. काल ते दुकानात वरच्या फळीवर बघितलं. तुम्ही परत गेलाच नाहीत, आणि मामा काही फोन करायचे नाहीत. दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आहे. त्यावर दोन महिन्यांपूर्वीची तारीख आहे आणि त्याखाली 'झालं' असं लिहिलंय. सुईखाली चिंधी तशीच ठेवलीय, तुम्हाला उलटी बाजू दाखवायला. येळवसच्या आधी जाऊन घेऊन या.